चाळणाऱ्याचं हैदराबाद

मराठी वैचारिक पुस्तक विकत घ्यायचं तर पुण्याचा अप्पा बळवंत चौक गाठावा, हे मला मान्य आहे. हैदराबादच्या जामबागेत १९०७ सालची विवेकवर्धिनी ही शाळा आहे, जवळच इसामिया बाजारात १९२२ सालचं मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. पण शाळा आणि वाचनालय म्हणजे पुस्तकांची बाजारपेठ नव्हे. तरीही मराठवाड्याशी नाळ असलेल्या वाचकाला आपलाच इतिहास समजून घ्यायचा असेल, तर त्याने जामबागेतून कोठीकडे निघावं, रविवारी आबिड्सच्या फुटपाथवर मांडलेली जुनी पुस्तकं उलटीपालटी करावीत, असं माझं मत आहे. एका भाषेच्या दुकानात आपल्याला बहुधा आपल्याच बाजूचे साक्षीदार भेटतात. इथल्या ढिगात इंग्रजी, तेलुगू, उर्दू, हिंदी सरमिसळ असते आणि विक्रेत्याला ती लावून ठेवायची फुरसत नसते. ती गैरसोय वाचकाच्या पथ्यावर पडते.

हैदराबाद संस्थान भारतात विलीन झालं त्या १९४८ चंच उदाहरण घ्या. मराठीत आपण स्वामी रामानंद तीर्थांच्या आठवणी आणि अनंत भालेरावांचा ग्रंथ यांच्या आधाराने ते वर्ष ओळखतो: निजामाच्या पाठीराख्या रझाकारांचा जुलूम, सत्याग्रह, सरहद्दीवरचे कॅम्प, १७ सप्टेंबरला सुटका. हे खरंच आहे. पण त्याच वर्षावर भारत सरकारचे हैदराबादेतले प्रतिनिधी कन्हैयालाल मुन्शी यांनी १९५७ साली लिहिलं आणि निजामाचे शेवटचे पंतप्रधान मीर लायक अली यांनी १९६२ साली. भारत सरकार आणि निजाम यांच्यातल्या एकाच वाटाघाटींची ही दोन वर्णनं एकमेकांशेजारी ठेवली, की कोण काय गाळतो ते दिसू लागतं. पुच्चलपल्ली सुंदरय्यांच्या तेलंगणा लढ्यावरच्या १९७२ च्या पुस्तकात तर गोष्ट सप्टेंबरात संपतच नाही. शेतकऱ्यांचा सशस्त्र लढा १९५१ पर्यंत चालू राहतो. आणि ए. जी. नूराणी यांच्या २०१३ च्या पुस्तकात छापलेला, भारत सरकारने पाठवलेल्या सुंदरलाल समितीचा अहवाल वाचला, तर भारतीय सैन्याच्या ‘पोलीस कारवाई’नंतरच्या हिंसाचाराची सर्वाधिक झळ लागलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड ही नावं सापडतात. मारल्या गेलेल्या मुसलमानांचा समितीचा अंदाज हजारांत होता. आपल्या सणावारी भाषणांत हे पान क्वचितच उघडतं. पुस्तक चाळणं म्हणजे वरवरचं वाचणं, असं समजणाऱ्यांनी नुसत्या अनुक्रमणिका ताडून पाहाव्यात: पुस्तक कोणत्या साली सुरू होतं, कुठे थांबतं आणि मागच्या सूचीत कोणाचं नाव नाही. एवढ्यावरूनही लेखकाची बाजू बरीचशी कळते.

यावर कोणी म्हणेल, ही सगळी नावं फोनवर मिनिटात मिळतात. मिळतात, पण मागितली तर. सुंदरलाल समिती होती हेच ज्याला ठाऊक नाही, तो शोधणार काय? शिवाय खरेदीचं संकेतस्थळ आपल्या आधीच्या आवडीवरून पुढचं पुस्तक सुचवतं. फुटपाथवरच्या ढिगाला आपली आवड माहीत नसते. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. पुस्तकं चाळून हात झटकत निघून जाणाऱ्यांवर विक्रेता जगत नाही. कोठीतली दुकानं उभी आहेत ती अभ्यासक्रमाच्या आणि प्रवेशपरीक्षांच्या पुस्तकांवर. इतिहास आणि समाजशास्त्र त्या कमाईच्या आडोशाला तग धरून असतात. म्हणून घासाघीस न करता निदान एक तरी पुस्तक घ्यावं, यापलीकडे माझ्याकडे दुसरं उत्तर नाही.

माझी बाजू खरी लंगडी पडते ती उर्दूच्या थप्पीपाशी. इतिहासकार सेतुमाधवराव पगडींची पिढी निजामी राजवटीत शिकली, तेव्हा उर्दू शिक्षणातूनच अंगवळणी पडत असे. पगडींनी उर्दू-फारसी साधनं मराठीत आणली, शिवाय गोंडी आणि कोलामीचाही अभ्यास केला. आज हैदराबादेतला मराठी माणूस दखनी सहज बोलतो, पण उर्दू लिपी वाचू शकणारे थोडेच. ज्या राज्याचा कारभार १९४८ पर्यंत उर्दूत चालला, त्याची सर्वांत जवळची साक्ष त्याच थप्पीत असण्याचा संभव अधिक, आणि तिथे आम्ही मुखपृष्ठं पाहून पुढे सरकतो. इतर तीन भाषांतल्या पुस्तकांनी ही उणीव भरून निघत नाही. इसामिया बाजारातल्या एखाद्या मराठी संस्थेने उर्दू लिपीचे वर्ग चालवले, तर त्यांचा उपयोग व्याख्यानमालेपेक्षा जास्त होईल.