माशाची शेपटी

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही मुलांना घेऊन मुंबईला गेलो. मस्जिद स्टेशनला उतरून, हातगाड्यांतून वाट काढत मोहम्मद अली रोड गाठला. मीनारा मस्जिदीजवळ रमजानच्या रात्री खाण्यासाठी झुंबड उडते. आमचे काम मात्र कुतुबखान्यात होते. कुरआन शरीफ, रेहल, तस्बी यांच्यापलीकडे एका कोपऱ्यात मुलांची रंगीत उर्दू पुस्तके रचलेली होती.

हजरत यूनुस (अ.स.) यांच्या गोष्टीत नुसता समुद्र आणि मोठा मासा. नबींचे चित्र काढत नाहीत, हे धाकटीला समजावले. अल्लाहच्या हुकमाआधीच ते आपल्या कौमला सोडून निघाले होते. माशाच्या पोटातल्या अंधारात त्यांनी कुणाकडे बोट दाखवले नाही, आपलीच चूक कबूल केली. ती दुआ सूरह अंबियाच्या 87 व्या आयतीत आहे.

सांगता सांगताच तिच्या हातून पान टरकन फाटले. दुकानदार चाचा गिऱ्हाइकांत गुंतले होते. आम्ही ते पुस्तक गुपचूप ढिगाखाली सरकवले आणि चांगली प्रत विकत घेतली. शाळेत कबुलीचे धडे देणारे आम्हीच!

लोकलमध्ये धाकटीने विचारले, "अब्बू, ते फाटलेलं पुस्तक आता कोण घेणार?"

दादरला उतरून परत फिरलो. चाचांनी सगळे ऐकून घेतले, पुस्तकाचे पैसे घेतले, एक रुपयाही सोडला नाही. मग धाकटीला स्टुलावर बसवून डिंकाची बाटली पुढे केली. माशाची शेपटी जरा वाकडीच चिकटली.