सापगावच्या पुलावरून माहुली

शहापूरहून मुरबाडच्या रस्त्याला लागले की थोड्याच वेळात सापगाव येते. आषाढातली सकाळ होती. पुलाखाली भातसा गढूळ होऊन वाहत होती आणि खाचरांत आवणी चालली होती. मागे वळून पाहिले, तर ढग जरा सरकले आणि शहापूरपलीकडे माहुलीचे सुळके दिसले. नवरा, नवरी, भटजी अशी त्यांची नावे. वऱ्हाडच डोंगरावर थांबले आहे म्हणा ना! या वऱ्हाडाने लढाया मात्र पुष्कळ पाहिल्या.

१६३६ साली शहाजीराजे निजामशाहीच्या बालराजाला घेऊन याच गडावर आले. पाठीवर मोगल आणि विजापूरकर, दोघांच्या फौजा. पावसाने नद्या फुगल्या म्हणून मोगलांना वाटेत थांबावे लागले. पण उघाडी झाली, गडाला वेढा पडला, बालराजा मोगलांच्या स्वाधीन करावा लागला आणि निजामशाही संपली.

पुढे १६५८ साली शिवाजी महाराजांनी माहुली घेतली, १६६५ च्या पुरंदरच्या तहात ती मोगलांना द्यावी लागली. १६७० च्या आरंभी मावळे रात्री दोर लावून गड चढले. मोगलांचा किल्लेदार मनोहरदास गौड जागा होता. आपली कितीतरी माणसे त्या कड्यांवर कामी आली. पण गंमत अशी, की जिंकूनही हा किल्लेदार गड सोडून गेला. मराठे पुन्हा येणार हे त्याने ओळखले असावे. आलेच! जूनमध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी माहुली घेतली.

जून म्हणजे आपले पेरणीचे दिवस. एरवी फौजा पावसाळ्यात घरी परतत आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करून निघत. मावळा म्हणजे शेतकऱ्याचाच मुलगा. त्या साली गडाखाली बसलेल्यांच्या खाचरांत राब कोणी भाजला, भात कोणी पेरले, हे बखरीत कोण लिहिणार?

हे आपल्याकडेच होते असे नाही. ब्रह्मदेश आणि सयाम हेही भात पिकवणारे मुलूख, आणि त्यांची राज्ये दोनशे वर्षांहून अधिक काळ एकमेकांशी लढली. सयामच्या राजधानीचे नाव आपल्या अयोध्येवरून पडलेले, अयुथ्या. तिच्या तीन अंगांना नद्या आणि चौथ्या अंगाला कालवा. पावसाळ्यात भोवतालची शेते पाण्याखाली जात आणि वेढा घालणाऱ्याला उठावे लागे. तेथल्या लोकांची मदार या पाण्यावर. १७६६ साली मात्र ब्रह्मी फौजा उठल्या नाहीत. उंचवट्यांवर तळ देऊन त्या पुरात बसून राहिल्या आणि एप्रिल १७६७ मध्ये शहर पडले. हजारो माणसे धरून ब्रह्मदेशात नेली. त्या युद्धांत जमिनीइतकीच, किंबहुना जास्तच, ओढ कसणाऱ्या हातांची असे.

पुलाजवळच्या बांधावर एक आजोबा रोपांच्या जुड्या मोजत होते. म्हटले, “आजोबा, गडावर कधी गेला होतात का?”

मान वर न करता ते म्हणाले, “गेलो होतो तरणा असताना. आता कसला गड? आधी आवणी उरकू द्या.”