आकाराआधी ईकार

गाणं शिकवणाऱ्याने आकाराबद्दल शंका काढू नये, असा आमच्यात अलिखित नियम आहे. सकाळी तंबोरा जुळवायचा, षड्ज धरायचा आणि 'आ' लावून बसायचं. माझ्या गुरूंनी मला तेच दिलं, मी क्लासला येणाऱ्या मुलामुलींना तेच देत आले. तोंड उघड, आवाज पोटातून काढ, आकार खोल लाव. कुणाचा आवाज घशात अडकला तर माझं निदान ठरलेलं असे : रियाज कमी पडतोय. कुणी विद्यार्थी जिभेबद्दल, जबड्याबद्दल विचारायला लागला, तर 'ते इंग्रजी गाण्याचं खूळ आहे, आपल्याकडे गळा तयार करतात' एवढं बोलून मी विषय मिटवत असे.

आता मी नव्या विद्यार्थ्याला आकार लगेच देत नाही. आधी 'ई' देते. आणि पहिले काही आठवडे माझं निम्मं लक्ष सुरापेक्षा त्याच्या जिभेकडे असतं.

मत बदलायला सुरुवात झाली ती एका दवाखान्यात. घसा वरचेवर बसायला लागला म्हणून कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवायला गेले होते. त्यांनी माझ्या जिभेचं टोक गॉजमध्ये धरून बाहेर ओढलं, लांब दांड्याचा छोटा आरसा आत घातला आणि म्हणाले, "ई म्हणा." जीभ दुसऱ्याच्या हातात असताना ई कसली निघते! तरी प्रयत्न केला. तपासणी झाल्यावर मी विचारलं, डॉक्टर, आ का नाही म्हणायला लावलंत? आम्ही तर जन्मभर आ म्हणतोय. ते हसले. "मॅडम, आ म्हटलंत की जिभेचं मूळ मागे जातं आणि आतलं सगळं झाकलं जातं. ई म्हटलं की जीभ पुढे येते, झडप वर उचलली जाते, मग मला तुमचे स्वरतंतू दिसतात." तंतूंना किंचित सूज होती, बाकी काही नव्हतं. जोर कमी करा, असं सांगून त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

डॉक्टरांना जे दिसत नाही, त्याचा आवाजाशी संबंध असेलच असं नाही, हे मलाही कळतं. पण तो 'आ' डोक्यातून जाईना. मग वाचायला घेतलं, आणि वाचताना पहिला धक्का बसला तो माझ्या 'इंग्रजी खूळ' या शब्दांना. प्रा. बी. आर. देवधर, म्हणजे कुमार गंधर्वांचे गुरू, आणि डॉ. अशोक दा. रानडे या दोघांनी आवाजाच्या जोपासनेवर इथेच, मुंबईत बसून, वर्षानुवर्षं काम केलेलं आहे. ज्या आरशाने माझा घसा तपासला गेला त्याचा उगमही गाण्याच्या क्लासातलाच. मान्वेल गार्सिया हे गाण्याचे मास्तर. त्यांनी 1854 मध्ये दाताच्या डॉक्टरचा आरसा आणि सूर्यप्रकाश वापरून स्वतःचेच स्वरतंतू गाताना पाहिले आणि पुढच्या वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे ते मांडलं. घशाच्या डॉक्टरांनी हा आरसा उचलला तो नंतर.

जिभेचं प्रकरण थोडक्यात असं. आपल्याला आरशात दिसते ती जीभ म्हणजे तिचा पुढचा भाग. उरलेली घशात खाली उतरते आणि हनुवटीच्या मागे, गळ्याच्या वरच्या भागात असलेल्या एका छोट्या कमानदार हाडाला जोडलेली असते. या हाडाचा दुसऱ्या कुठल्याही हाडाशी सांधा नाही. ते स्नायू आणि बंधांवर तोललेलं आहे, आणि त्याच्याच खाली स्वरयंत्र टांगलेलं आहे. कपड्यांच्या दोरीला एका टोकाला हिसका दिला की दुसऱ्या टोकाचे चिमटेही हलतात, तसंच हे. जिभेचं मूळ आखडलं की स्वरयंत्र एक तर वर ओढलं जातं, नाही तर खाली दाबलं जातं. गाणाऱ्याला कळतं एवढंच, की तार षड्जाच्या वर सूर चिकटतोय, श्वास पुरत नाही आणि तासाभरात घसा जड होतो.

याची परीक्षा सोपी आहे. अंगठा हनुवटीखाली, हाडाच्या मागच्या मऊ भागावर टेकवायचा आणि मधल्या सप्तकात एक सूर धरायचा. तो भाग मऊच राहिला तर ठीक. अंगठ्याला खाली ढकलणारा कडक गोळा लागला, तर जीभ फुकटची मदत करतेय. मी आधी स्वतःवर करून पाहिलं. मध्य सप्तकात मध्यमापर्यंत काही नाही, पंचमापासून गोळा हळूहळू यायला लागला, आणि तार गंधाराला तर अंगठा बाजूला सारला गेला. काळी चारमध्ये इतकी वर्षं गातेय, आणि ज्याला मी 'ताकद' म्हणत होते त्यातली बरीच हनुवटीखाली खर्च होत होती.

मग विद्यार्थ्यांकडे पाहायला लागले. जबड्याची तान आम्ही सगळेच लगेच पकडतो, कारण हनुवटी हलताना दिसते. जिभेची तान दिसत नाही, पण ऐकू येते. माझ्या एका विद्यार्थिनीची दुगुनीतली तान स्वच्छ होती. लय वाढली की तिच्या 'आ'चं 'आया-याया' व्हायचं. मी वर्षभर तिला 'आकार सांभाळ' म्हणून ओरडत होते. खरं कारण एवढंच होतं, की गळ्याने करायचं काम प्रत्येक सुराला जीभ उचलून करत होती. तिला मी जिभेचं टोक खालच्या दातांना टेकवून ठेवायला सांगितलं आणि त्याच लयीत 'ई'वर तान घ्यायला लावली. ई खिडकीपर्यंत गेली. मग तीच तान 'ए'वर, आणि शेवटी आ, टोक दातांना तसंच लागलेलं. आ पहिल्यांदा किरटा निघाला, ती बावरली. पण 'या' गेला होता.

किरटा हा शब्द इथे महत्त्वाचा, कारण मूळ लोभ तिथेच आहे. आपल्याला भारदस्त आवाज हवा असतो. जीभ मागे ओढून आ खोल केला की आवाज आपल्याच डोक्यात घुमतो, कवटीच्या हाडांतून आपल्या कानाला तो मोठा ऐकू येतो. समोरच्याला मात्र घोंगडीखालून आल्यासारखा. अभंग गाणारे माझे एक निवृत्त विद्यार्थी जीभ मोकळी केल्यावर रुसलेच. "ताई, आवाज लहान झाला हो." मी काही बोलले नाही. दोन्ही प्रकारे गाऊन घेतलं, मोबाइल खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवून रेकॉर्ड केलं आणि ऐकवलं. 'मोठ्या' आवाजातले शब्द अर्धे गिळलेले होते. ळ आणि ण तर कळतच नव्हते. ही अक्षरं जिभेचं टोक वळल्याशिवाय येत नाहीत, आणि मूळ आखडलेलं असेल तर टोकाला वळायला जागा कुठून मिळणार?

माझी गुरुबहीण या सगळ्यावर नाराज आहे. तिचं म्हणणं : केसरबाईंनी कधी हनुवटीखाली अंगठा लावला होता का? त्यांचा आकार ऐक आणि मग बोल. मी ऐकला. 1977 मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात गेलेली त्यांची भैरवी तर कुणालाही ऐकता येते. पुन्हा पुन्हा ऐकल्यावर माझ्या कानांना जो आ ऐकू येतो तो पुढचा आहे, उघडा आहे, धारदार आहे. आम्ही वर्गात 'खोल लाव' म्हणून जो लावून घेतो तो हा नव्हे. तेव्हा माझं भांडण आकाराशी नाही. आकार हाच सगळ्यांत अवघड स्वर आहे, आणि नवशिक्याला आम्ही पहिल्याच दिवशी तो देतो, एवढंच मला म्हणायचं आहे. गुरुबहिणीला हे पटलेलं नाही. बाई माझ्याहून चांगलं गाते, त्यामुळे वाद मी फार ताणत नाही.

परंपरेत हा विचार नव्हताच, असंही नाही. देवगिरीच्या यादवांकडे असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात 'संगीतरत्नाकरा'त गायकाचे पंचवीस दोष मोजले. दात आवळून गाणारा संदष्ट, भेसूर तोंड वासणारा कराली, चेहऱ्याच्या आणि मानेच्या शिरा फुगवणारा झोंबक. अनावश्यक जोर कुठे कुठे दिसतो, याची ही यादीच आहे. जीभ तिच्यात वेगळी नाही, पण ती समोर बसलेल्याला दिसतही नाही.

एक सावधगिरी सांगायला हवी, कारण माझ्याच उत्साहाने एका मुलाचं थोडं बिघडलं होतं. जीभ सैल करायची म्हणजे ती खाली दाबून सपाट करायची नव्हे. त्याने घरी चमचा घेऊन तेच केलं, आणि दाबायलाही तोच स्नायू कडक करावा लागतो, त्यामुळे अडचण दुप्पट झाली. त्यापेक्षा जीभ खालच्या ओठावर सैल सोडून एखादा अलंकार म्हणावा. वेडगळ दिसतं, पोरं हसतात, आणि हसण्याने काम निम्मं होऊन जातं. किंवा 'र्र्र' असा टोक थरथरवत सरगम म्हणावी. मूळ कडक असेल तर र थरथरतच नाही, त्यामुळे फसवाफसवी चालत नाही. तराणा चांगला म्हणणाऱ्यांची जीभ सहसा मोकळी असते, हेही लक्षात आलंय. एकदम चपळ टोक आणि स्वस्थ मूळ ही जोडी तिथे आपोआप घोटली जाते.

खर्जाबद्दल मात्र मी अजून अडलेली आहे. पहाटेचा खर्ज मी सोडलेला नाही, सोडणारही नाही. पण मंद्र पंचमाच्या खाली उतरताना बहुतेकांचा अंगठा खाली ढकलला जातो, माझाही. तिथे सूर खरंच लागतोय की जिभेने स्वरयंत्र दाबून तो काढला जातोय, हे मला दर वेळी सांगता येत नाही. म्हणून सध्या क्लासमध्ये खर्ज मंद्र पंचमापर्यंतच. त्याखालचं ज्याला करायचंय, त्याने माझ्यासमोर करावं, आणि अंगठा लावून.