परीक्षकाची परीक्षा

भोरच्या बाजारांत तांदूळ विकावयास आणणारा शेतकरी वजनकाट्यापाशीं उभा राहिला म्हणजे त्याची नजर कोठें असते, हें आमच्या विद्यार्थ्यांनीं कधीं पाहिलें आहे काय? पोतें त्याचें स्वतःचें असतें आणि त्यांत माल किती आहे याचा त्यास अदमास असतो; म्हणून त्याची नजर पोत्यावर नसून काट्यावर असते. पोत्याचें वजन काटा सांगेल, पण काट्याचें इमान कोण सांगणार, हा प्रश्न त्याच्या मनांत असतो. कांहीं जाणतीं माणसें तर आपलें पोतें चढविण्यापूर्वीं खात्रीचें पांच किलोंचें वजन काट्यावर ठेवून दाखविण्यास सांगतात. दुकानदाराच्या कपाळास आठी पडते. पण तो वजन ठेवतो.

या साध्या रीतींतलें शहाणपण आम्हांस चाळिशी उलटल्यावर, एका मुलानें व एका मुलीनें शिकविलें. गोष्ट आमच्याच चुकीची आहे. ती सांगतांना संकोच वाटतो. परंतु विद्यार्थ्यांच्या चुका वर्षभर लाल शाईनें दाखविणाऱ्यानें वर्षांतून एकदां आपलीही दाखवावी, हें न्यायाचेंच आहे.

नववीच्या वर्गास आम्ही संगणकावर पायथॉन या भाषेंत लहान लहान आज्ञावल्या, म्हणजे प्रोग्राम, लिहावयास शिकवीत होतों. चाचणीचा प्रश्न मुद्दाम घरगुती घेतला होता. तांदळाच्या तीन पोत्यांचीं वजनें व किलोचा भाव दिला असतां प्रत्येक पोत्याची किंमत एकेका ओळींत लिहावी, आणि शेवटच्या ओळींत बेरीज द्यावी. वर्गांत मुलें ४२. प्रत्येकाची आज्ञावली निरनिराळे भाव घालून चालवून पाहावयाची, तर आठवडा जावयाचा. म्हणून दिवाळीच्या सुटींत आम्हीं स्वतः एक परीक्षक-आज्ञावली लिहिली. ती मुलाची आज्ञावली चालवी, तिच्यांतून निघालेली एकेक ओळ आमच्या उत्तराशीं ताडून पाही, आणि एकही ओळ निराळी न निघाल्यास 'उत्तीर्ण' असा शेरा देई. आठवड्याचें काम एका मिनिटांत झालें.

निकाल लागला तो असा: ४१ उत्तीर्ण, एक मुलगी अनुत्तीर्ण. आम्हांस अभिमान वाटला. शिक्षकांच्या खोलींत आम्हीं तो बोलूनही दाखविला. एक मुलगी नापास झाली होती हें तर आम्हांस आमचा परीक्षक कडक असल्याचें प्रमाणपत्रच वाटलें!

ती मुलगी भोरमधल्याच एका लहान किराणा दुकानदाराची. वर्गांतील व्यवस्थित मुलींपैकीं एक. ती कागद घेऊन आली व हळूच म्हणाली, "सर, मी हातानें गुणाकार करून पाहिला. माझें उत्तर बरोबर येतें." आम्हीं तिच्या कागदाकडे नीट पाहिलेंही नाहीं. "बाळ, यंत्राला राग नाहीं कीं लोभ नाहीं. चूक तुझ्याच आज्ञावलींत असली पाहिजे. पुनः शोध," असें सांगून तिला परत धाडलें. दोन दिवस ती शोधीत होती. तिसऱ्या दिवशीं तिच्या नांवापुढेंही 'उत्तीर्ण' उमटलें. "पाहिलेंस? सांपडली ना चूक?" असें आम्हीं विजयानें विचारलें. ती हंसली नाहीं.

त्याच दिवशीं सायंकाळीं वसतिगृहांतील एक मुलगा आमच्या घरीं आला. तो वेल्ह्याचा, तोरण्याच्या पायथ्याकडचा. दाराशींच उभा राहून पायरीकडे पाहत म्हणाला, "सर, माझी फाईल रिकामी होती. लिहिलेलें जतन करावयाचें राहिलें, आणि कोरीच फाईल तुमच्याकडे गेली. तरी मला पास मिळालें."

"मग तीन दिवस गप्प कां बसलास?"

"मिळालेले मार्क जातील म्हणून. पण आज तिनें सांगितलें, कीं चूक कांहीं सांपडेना म्हणून तिनें शेवटची बेरजेची ओळच काढून टाकली, आणि लगेच ती पास झाली. सर, बेरीज काढल्यावर जर पास, तर चूक तिची कशी?"

त्या रात्रीं आम्हीं आमची परीक्षक-आज्ञावली उघडून ओळ न् ओळ वाचली, तेव्हां दोन दोष निघाले. मुलाच्या आज्ञावलींतून जितक्या ओळी निघत तितक्याच आम्ही ताडून पाहत होतों. दोनच ओळी निघाल्या तर दोनच पाहावयाच्या. एकही न निघाली तर पाहावयाचें कांहींच उरत नसे, म्हणून चूकही आढळत नसे, म्हणून 'उत्तीर्ण'! न बोललेल्या साक्षीदाराची साक्ष खरी धरावी, तसा हा प्रकार. दुसरा दोष याच्या उलट होता. २०, २५ व १५ किलोंचीं पोतीं आणि ६० रुपये भाव धरल्यास बेरीज ३६०० येते. त्या मुलीनें वडिलांच्या दुकानांतील पावतीप्रमाणें पैशांसह ३६००.०० अशी लिहिली होती. आमचा परीक्षक किंमत न पाहतां अक्षरें पाहत होता. म्हणून त्यास बरोबर उत्तर चूक दिसलें.

सर्व ४१ आज्ञावल्या हातानें तपासल्या. त्यांतील सात अपुऱ्या होत्या. परंतु आमच्या मनास लागलें तें निराळेंच. ज्या मुलीचें काम निर्दोष होतें, तिला आमच्या यंत्रानें तें मोडावयास लाविलें, आणि मोडल्यावर शाबासकी दिली. ती शाबासकी आमच्याच तोंडून निघाली होती.

दुसऱ्या दिवशीं वर्गापुढें आम्हीं हें सर्व सांगितलें व त्या मुलीची क्षमा मागितली. तिला तिचे गुण मिळाले. मुलास पुनः चाचणी देण्याची संधि मिळाली. परंतु मुलें प्रश्न विचारल्यावांचून थोडींच राहतात? मागच्या बांकावरून आवाज आला, "सर, आतां नवा परीक्षक लिहाल, तो बरोबर आहे हें कशावरून?"

प्रश्न खरा होता, आणि त्याचें उत्तर शोधीत असतां आम्हांस बाजारांतला तो काटा आठवला. दुकानांतील इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी कायद्याप्रमाणें दर वर्षीं करून घ्यावी लागते. वैधमापन खात्याचा निरीक्षक आपलीं प्रमाणित वजनें त्यावर ठेवून पाहतो. पण त्याचीं वजनें तरी खरीं कशावरून? तीं त्यांहून वरच्या दर्जाच्या वजनांशीं ताडलेलीं असतात. तीं आणखी वरच्या. आणि अशी ही सांखळी नव्या दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेंत पोंचते. तेथें प्लॅटिनम-इरिडियम धातूचा, क्रमांक ५७ असलेला एक लहानसा ठोकळा जपून ठेविलेला आहे. तो पॅरिसजवळ सेव्हर येथें असलेल्या मूळ ठोकळ्याची प्रत होय. १८८९ सालापासून सगळ्या जगाचा किलो म्हणजे तो मूळ ठोकळा.

आतां गंमत पाहा. त्या मूळ ठोकळ्याची व त्याच्या प्रतींची तुलना केली, तेव्हां शंभर वर्षांत त्यांच्यांत सुमारें ५० मायक्रोग्रॅमचा फरक पडलेला दिसला. मूळ हलका झाला कीं प्रती जड झाल्या, हें निश्चित सांगण्यास मार्ग नव्हता. कारण किलो म्हणजेच तो ठोकळा! शेवटीं २० मे २०१९ पासून किलोची व्याख्या धातूच्या तुकड्यावरून काढून निसर्गांतील एका अचल राशीवर, प्लँकच्या स्थिरांकावर, बसविण्यांत आली. जगांतील सर्वांत वरच्या परीक्षकासही परीक्षा चुकली नाहीं, ती अशी.

संगणकाच्या आज्ञावल्यांसाठीं असा ठोकळा कोणत्याही प्रयोगशाळेंत नाहीं. मग काय करावें? पुण्यास हिंजवडींत सॉफ्टवेअर तपासण्याच्या नोकरींत असलेला आमचा एक माजी विद्यार्थी सुटींत भेटावयास आला होता. त्यास आम्हीं ही हकीकत सांगितली. तो हंसून म्हणाला, "सर, आमच्याकडेही हेंच घडतें. तपासणारें साधन सगळें हिरवें दाखवूं लागलें, कीं आम्हांला आधीं त्याचाच संशय येतो." मग त्यानें उपाय सांगितला. काट्यावर आपण माहीत असलेलें वजन ठेवितों; परीक्षकापुढें माहीत असलेली चूक ठेवावी. चांगल्या आज्ञावलींत मुद्दाम एक दोष घालावा, अधिकाच्या जागीं उणें लिहावें, एखादी ओळ गाळावी, आणि परीक्षकाच्या तें ध्यानांत येतें कीं नाहीं हें पाहावें. न आल्यास दोष परीक्षकाचा. ही कल्पना रिचर्ड लिप्टन या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञानें १९७१ सालीं विद्यार्थिदशेंत असतांनाच मांडली, आणि १९७८ सालीं त्यानें डिमिलो व सेवर्ड यांच्यासह ती सविस्तर प्रसिद्ध केली. तिला उत्परिवर्तन चाचणी, म्हणजे म्यूटेशन टेस्टिंग, म्हणतात.

आम्हीं वर्गास कामाला लाविलें. मुलांनीं दहा चुकीच्या आज्ञावल्या रचल्या, आणि दहा बरोबर पण निरनिराळ्या तऱ्हेनें लिहिलेल्या. चुकीची एकही सुटूं नये व बरोबर एकही अडूं नये, अशी अट ठरविली. आमच्या जुन्या परीक्षकानें दहांपैकीं चारच चुका पकडल्या. दुरुस्त केलेल्या परीक्षकानें नऊ पकडल्या. दहावी चूक वेल्ह्याच्या त्या मुलाची होती. त्याची आज्ञावली कितीही पोतीं दिलीं तरी पहिल्या तिहींचीच बेरीज करीत असे, आणि आमच्या सर्व चाचण्यांत पोतीं तीनच होतीं. "आमच्या घरीं औंदा चार पोतीं झालीं, सर," एवढेंच तो म्हणाला. त्या दिवसापासून आमच्या चाचणींत चार पोतीं आलीं, एक आलें, आणि एकही न आल्याची स्थितीही आली.

आमच्यासारख्या शाळामास्तराचीच अशी फजिती होते असें मात्र कोणीं समजूं नये. माणसानें लिहिलेली आज्ञावली यंत्राच्या भाषेंत उतरविणारें जें साधन असतें, त्यास कंपायलर म्हणतात. त्याच्यावर सर्वांचा भरंवसा. अमेरिकेंतील यूटा विद्यापीठाच्या संशोधकांनीं अशा साधनांपुढें आपोआप रचलेल्या हजारों आज्ञावल्या ठेवून पाहिल्या, आणि २०११ सालीं त्यांनीं प्रसिद्ध केलें, कीं पूर्वीं कोणास ठाऊक नसलेले ३२५ हून अधिक दोष त्यांत सांपडले. गूगल कंपनीनें २०१६ सालीं सांगितलें, कीं त्यांच्या सुमारें १६ टक्के चाचण्यांत चंचलपणा आढळतो, म्हणजे आज्ञावली तीच असतांना शेरा कधीं 'उत्तीर्ण' तर कधीं 'अनुत्तीर्ण'. विमानांच्या बाबतींत तर २०११ सालीं यासाठीं स्वतंत्र नियमपुस्तिकाच निघाली. साधनानें तपासल्यामुळें माणसानें तपासणें सोडून द्यावयाचें असेल, तर त्या साधनाची पात्रता आधीं सिद्ध करावी, असें तिचें सूत्र आहे. विमानांतल्या प्रवाशास हें सूत्र ठाऊक नसतें. पण त्याचा जीव त्याच्या आधारावर असतो.

पालकांस येथें एक विनंति करावीशी वाटते. आजकाल आपल्या मुलांचे गुण, कर्जाचे अर्ज, रुग्णालयांतील तपासण्या, सर्वांवर यंत्राचा शेरा येतो. तो नाकारावा असें आमचें म्हणणें नाहीं. हातानें तपासतांनाही आमच्या चुका होतातच. परंतु आपलें मूल जेव्हां म्हणतें, "मी पुनः करून पाहिलें, माझें बरोबर आहे," तेव्हां "यंत्र चुकत नाहीं" हें उत्तर देऊं नये. आम्हीं तें दिलें होतें. त्यापेक्षां कागद हातीं घ्यावा आणि मुलाबरोबर एकदां गुणाकार करावा.

आणि विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांस एवढेंच. पवित्र शास्त्रांत खोट्या तराजूचा निषेध वारंवार आला आहे, आणि तो बहुधा व्यापाऱ्यास उद्देशून आहे असें आम्ही समजत होतों. तो शिक्षकासही लागू आहे, हें आतां कळलें. आमचा तराजू खोटा आहे हें आम्हांस कोणा तज्ज्ञानें सांगितलें नाहीं. ज्याच्या पारड्यांत कांहींच नव्हतें आणि तरी काटा भरल्याचें दाखवीत होता, त्या मुलानें सांगितलें. गप्प राहता तर त्याचे गुण राहते. तो बोलला म्हणून एका मुलीस न्याय मिळाला, आणि पुढील सर्व वर्गांस खरा काटा मिळाला.

तो परीक्षक आम्ही अजूनही वापरतों. मात्र दर सत्राच्या आरंभीं मुलांच्या कामापूर्वीं त्या दहा चुका त्याच्यापुढें ठेवितों. यंदाच्या वर्गानें अकरावी शोधून आणली आहे. ती आमच्या परीक्षकास अद्याप सांपडलेली नाहीं.