तीस फोल्डर, प्रत एकच

पुण्यातल्या छोट्या कचेऱ्यांचे लिनक्स सर्व्हर सांभाळणं हा माझा धंदा. बॅकअपची डिस्क उघडून दाखवली की मालक खूश होतात. रोजच्या तारखेचा एक फोल्डर आणि प्रत्येकात सगळा डेटा! ‘म्हणजे महिन्याच्या तीस प्रती आहेत आपल्याकडे?’ नाहीत. बहुतेक फाइलींची एकच आहे.

ही करामत आरसिंक या सॉफ्टवेअरची. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियात ते लिहिलं. रात्री दोनला क्रॉन हा वेळापत्रक पाळणारा प्रोग्राम माझी शेल स्क्रिप्ट चालू करतो. ‘लिंक-डेस्ट’ या पर्यायात ती कालच्या फोल्डरचा पत्ता देते. न बदललेल्या फाइलची नक्कल होतच नाही. डिस्कवरच्या त्याच फाइलला आजच्या फोल्डरात आणखी एक नाव मिळतं. यालाच हार्ड लिंक म्हणायचं. जुना फोल्डर खुशाल उडवा, एखादं नाव शिल्लक असेपर्यंत फाइल जात नाही. पण डिस्कचा तेवढा भाग खराब झाला, तर तीसही तारखांतून ती एकदमच जाते.

बदललेली फाइल मात्र अख्खी साठते. दिवाळी अंकाच्या धामधुमीत मुद्रितशोधकाने एक वेलांटी दुरुस्त केली, की तीनशे एमबीची इनडिझाइन फाइल त्या रात्री पुन्हा डिस्कवर. आरसिंक नेटवर्कवरून फक्त बदललेले तुकडे पाठवतं; जागेची बचत त्यात नाही.

डिस्क आठवड्यात भरली म्हणून बोलावणं आलं, तर आधी मी लिंक-डेस्टचा पत्ता बघतो. तो अर्धवट दिला तर स्क्रिप्ट जिथून चालते तिथून नव्हे, प्रत जिथे जायची त्या फोल्डरापासून मोजला जातो. मग कालचा फोल्डर सापडत नाही, आरसिंक एक इशारा देऊन रोज सगळंच उतरवत बसतं आणि तो इशारा वाचायला कोणी जागं नसतं. दुसरा संशयित म्हणजे तपकीर गल्लीच्या बाजारातून आणून तशीच जोडलेली एक्सफॅट फॉरमॅटची डिस्क. तिथे हार्ड लिंक होतच नाही. आधी ती ईएक्सटी-फोरमध्ये फॉरमॅट करून घ्यावी. आणखी दोन पथ्यं: चालू डेटाबेसच्या फाइली सरळ उचलू नयेत, डम्प काढून तो उचलावा; फोल्डरला तारखेचं नाव काम यशस्वी झाल्यावरच द्यावं.

राहता राहिली दुसरी प्रत. मूळ नारायण पेठेत आणि दुसरी शनिवार पेठेत, याला पुण्यात तरी अर्थ नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं तेव्हा नदीकाठच्या पेठा एकाच दिवशी पाण्याखाली गेल्या. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने आणि २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत मुठा नदीने तळमजले गाठले. सर्व्हर बहुधा तळमजल्यावरच, जिन्याखाली असतो! म्हणून दुसरी प्रत मी शहराबाहेरच्या यंत्रावर ठेवतो आणि ते यंत्रच रात्री येऊन डेटा ओढून नेतं. सर्व्हरकडे त्याची किल्ली नसते. रॅन्समवेअर सर्व्हरात शिरलं तरी त्या वाटेने प्रतीपर्यंत पोचत नाही.