चाकांवरचे घर

माझे थोरले बंधू गेली अठरा वर्षे दुसऱ्याच्या गाड्या चालवतात. आम्ही त्यांना भाईजान म्हणतो. सोलापूरहून गुलबर्गा, विजापूर, हैदराबाद, अजमेर. कधी अक्कलकोट, गाणगापूर, तुळजापूर. सवारी दर्ग्याची असो की देवळाची, रस्ता तोच आणि कंबरदुखीही तीच. मागच्या वर्षी त्यांनी ठरवले की आता स्वतःची गाडी घ्यायची, आणि तीही साधी नाही, कॅराव्हॅन. म्हणजे आत पलंग, ओटा, पाण्याची टाकी आणि संडास असलेली मोटार. ती कुटुंबांना भाड्याने द्यायची आणि आपणच चालवायची.

कर्जाला जामीनदार लागतो. आमच्या घरात पगारपत्रक असलेली मी एकटीच. उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते, बी.एड. आहे, सही मराठीत करते. ज्या कागदावर आपली सही जाणार ती वस्तू आधी डोळ्यांनी पाहावी म्हणून मीही भाईजानबरोबर पुण्याला प्रदर्शन पाहायला निघाले. अम्मीला कोणी बोलावले नव्हते. ती पहाटे चप्पल घालून दारात उभी राहिली, एवढेच.

आम्ही हुतात्मा एक्सप्रेसने गेलो. सोलापूरच्या ज्या चार हुतात्म्यांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी झाली, त्यांच्यावरून या गाडीचे नाव आहे. त्यांत आपले कुर्बान हुसेनही होते. अम्मीला मात्र ही गाडी दुसऱ्याच कारणासाठी आवडते. रेल्वेत संडास असतो.

इथे एक गोष्ट स्पष्टच लिहिते, कारण आपल्या लेखनात ती सहसा येत नाही. आमच्या घरातल्या बायका प्रवासाला निघायच्या आदल्या रात्रीपासून पाणी पीत नाहीत. बंदेनवाजच्या उरुसाला जायचे असेल तर सकाळचा चहासुद्धा टाळतात. सोलापूर ते गुलबर्गा अंतर शंभरेक किलोमीटरचे, पण जीपमध्ये पंधरा माणसे, त्यांत दहा बायका, आणि वाटेत पुरुषांसाठी सगळे शिवार मोकळे. बायकांनी अंधार पडण्याची वाट पाहायची. अम्मीला साखरेचा आजार आहे, तिला तास-दीड तासाने जावे लागते. एका उरुसाच्या वाटेवर तिने दुपट्टा तोंडात धरून काढलेले ते दोन तास मी शेजारी बसून पाहिले आहेत. त्यानंतर तिने गुलबर्ग्याचे नाव काढले नाही. मी शाळेच्या सहलीला सातवीच्या मुलींना घेऊन जाते तेव्हा त्याही बाटली भरून आणतात आणि भरलेलीच परत नेतात. भाईजानच्या डोक्यात कॅराव्हॅन शिरली ती इथून. हौस किंवा चैन म्हणून नव्हे.

त्यांच्या खिशात वर्तमानपत्राचे एक कात्रणही होते. महाराष्ट्र सरकारने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, केरळनेही त्याच वर्षी आणले. ही वाहने उभी करायला वाहनतळ, पाणी, वीज असलेल्या जागा तयार व्हाव्यात अशी त्यामागची कल्पना आहे. ज्या गावांत चांगले हॉटेल नाही तिथेही पर्यटकाने मुक्काम करावा, हा हेतू. कल्पना वाईट नाही.

प्रदर्शनात मी वहीत रकाने आखले. गाड्या मुख्यतः तीन जातीच्या होत्या. पहिली बसच्या चॅसिसवर बांधलेली. आत शिरल्यावर लग्नाच्या हॉलमध्ये आल्यासारखे वाटावे असे दिवे, चामड्याचे सोफे, भिंतीएवढा टीव्ही. किंमत विचारल्यावर विक्रेत्याने आमच्या चपलांकडे पाहून पत्रक हातात दिले. ही गाडी रकान्यात एका ओळीतच संपली.

दुसरी जात ओढून न्यायची. तिला स्वतःचे इंजिन नसते, जीपच्या मागे हुक लावून न्यायची. स्वस्त पडते, आणि मुक्कामाला खोली सोडून जीप मोकळी फिरवता येते, हा तिचा फायदा. पण भाईजानने मागून-पुढून दोन फेऱ्या मारल्या आणि मान हलवली. मागे जोडलेली गाडी रिव्हर्स घेताना उलट्या बाजूला वळते. बाजाराच्या दिवशी कुंभारीच्या रस्त्यावर तसला प्रयोग नको, असे त्यांचे मत पडले. शिवाय चालत्या गाडीत त्या मागच्या खोलीत माणसे बसवायची नसतात. मग अम्मीच्या अडचणीला तिचा काय उपयोग?

तिसरी ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावर बांधलेली. हीच आमच्या ऐपतीच्या थोडी वर आणि भाईजानच्या स्वप्नाच्या बरोबर मापाची. अशा दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या आणि आमचा अर्धा दिवस तिथेच गेला. एकीत चार पलंग, दुसरीत दोनच, पण ओटा मोठा. एकीची पाण्याची टाकी शंभर लिटरची, दुसरीची दीडशेची. मला मोठी टाकी बरी वाटली. भाईजान म्हणाले, दीडशे लिटर म्हणजे दीडशे किलो, दोन धडधाकट माणसे फुकट बसवल्यासारखे. टाकी वाढली की सामान कमी करा, नाहीतर ब्रेकवर ताण येतो. शाळेत मी लिटर आणि किलोचा हा संबंध दरवर्षी शिकवते, पण तो घाट उतरणाऱ्या माणसाच्या तोंडून ऐकायला वेगळा लागतो.

मग एसीचा प्रश्न. सोलापूरच्या मे महिन्यात बंद पत्र्याच्या डब्यात एसीशिवाय झोपणे म्हणजे भट्टीत झोपणे. इंजिन बंद असताना एसी चालवायचा तर बाहेरून वीज जोडायची, किंवा भरपूर बॅटऱ्या ठेवायच्या, किंवा जनरेटर. जनरेटरवर मी वहीत लाल खूण केली. डिसेंबर 2024 मध्ये केरळात वडकरा इथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅराव्हॅनमध्ये दोन माणसे मरून पडलेली सापडली. जनरेटरमधून निघालेला कार्बन मोनॉक्साइड वायू आत भरला होता. त्याला वास नसतो, रंग नसतो. झोपलेल्या माणसाला कळतच नाही. विक्रेत्याला हे विचारले तेव्हा त्याने हवा खेळती राहावी म्हणून ठेवलेल्या झडपा दाखवल्या आणि वायू कळवणारे यंत्र वेगळे पैसे देऊन बसवता येते असे सांगितले. जीव वाचवणारी वस्तू वेगळ्या पैशांची आणि छतातले निळे दिवे किमतीतच, हा हिशेब मला काही पटला नाही.

अम्मी तोवर गप्प होती. तिने चाळीस वर्षे विड्या वळल्या आहेत. पान फर्म्यावर ठेवून कातरणाऱ्या हाताला माप चुकत नाही. तिने पलंग वितीने मोजला, संडासाचे दार उघडून आत उभी राहिली, वळून पाहिले, बाहेर आली. मग आमच्या दखनीत विक्रेत्याला विचारले, "पाखाना कौन खाली करता?"

त्याने हसून सांगितले की खाली एक पेटी असते, ती ओढून काढायची आणि शौचालयात रिकामी करायची. सोपे आहे, ड्रायव्हर करतो.

अम्मीने भाईजानकडे पाहिले. भाईजानने टायरकडे. मी कायद्याचे पुस्तक वाचलेली. हाताने मैला साफ करायला माणूस कामाला लावण्याविरुद्ध 2013 चा कायदा आहे हे मला माहीत आहे. पेटी बंद असते, औषध टाकलेले असते, ही गोष्ट तशी नव्हे हेही समजते. तरी चार पाहुण्यांच्या चार दिवसांची पेटी माझा भाऊ उचलून नेणार, आणि ती नेणार तरी कुठे? वाटेतल्या पेट्रोलपंपावरचा माणूस त्याला पेटीसह आत सोडेल का? कॅराव्हॅनसाठी सोय केलेल्या जागा असतील तिथे प्रश्न नाही. आमच्या वाटेवर मी तशी जागा अजून पाहिलेली नाही.

अम्मीचा दुसरा प्रश्न असा होता : "और इसका पत्ता क्या लिखते?"

विक्रेत्याला तो समजला नाही. मला समजला. मोटार वाहन कायद्याप्रमाणे मालक ज्या राज्यात राहतो किंवा धंदा करतो आणि गाडी ठेवतो, तिथल्या आरटीओकडे नोंदणी होते. आमची झाली असती एम.एच. 13. म्हणजे फिरते घर विकत घ्यायलासुद्धा न फिरणारे घर आधी लागते. ज्याला घर नाही त्याला हे घर मिळत नाही.

आणि खरोखर चाकांवर, पाठीवर, गाढवावर घर घेऊन फिरणारे लोक आपल्याकडे कमी नव्हते. बैलगाडीवर भाता बांधून फिरणारे घिसाडी. आपल्यातले मदारी, अस्वलवाले दरवेशी. फिरणाऱ्या अनेक जमातींवर इंग्रजांनी 1871 च्या कायद्याने गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा 1952 मध्ये गेला. सोलापुरात 'सेटलमेंट' हे वस्तीचे नाव अजून आहे. बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने 2008 मध्ये अहवाल दिला, त्यातही हेच मांडले आहे की या लोकांकडे राहण्याचा दाखला नाही, रेशनकार्ड नाही. माझ्या वर्गात पालातून आलेला एक मुलगा होता. जनरल रजिस्टरमध्ये त्याच्या पत्त्याच्या रकान्यात मी 'बायपासलगत' असे लिहिले होते. सहा महिन्यांनी पाल उठले, रकाना तसाच राहिला. तीच भटकंती आता पैसे मोजून करायची म्हटली की तिला पर्यटन म्हणतात. माझा पर्यटनाला विरोध नाही. पण त्या निळ्या दिव्यांखाली उभी असताना तो रकाना आठवला, ते कसे टाळणार?

अम्मीच्या प्रश्नामागे मात्र इतिहास नव्हता. तिच्या मनात तिचे घर होते. कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहतीत महिला विडी कामगारांची दहा हजार घरे झाली, 2006 मध्ये पंतप्रधान मनमोहनसिंगांच्या हस्ते चाव्या दिल्या गेल्या. पुढे शेजारीच रे नगर उभे राहिले, तीस हजार घरांचे. त्यातली पंधरा हजार 19 जानेवारी 2024 रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदींच्या हस्ते सुपूर्द झाली. माळरानावर झालेले हे गाव मी डोळ्यांदेखत वाढताना पाहिले. त्याआधी आम्ही शहरात भाड्याच्या खोल्या बदलत होतो. एका मालकाने तर रमजानच्या विसाव्या रोजाला सामान काढायला लावले होते. अम्मीच्या नावावर कागद आला तेव्हा तिला वाचता येत नव्हते. मी तो तिला सात-आठ वेळा वाचून दाखवला असेल.

आणि कॅराव्हॅनच्या कर्जाला माझ्या सहीशिवाय आणखी काही तारण द्यावे लागणार होते, हे भाईजानने घरी सांगितले नव्हते. ते प्रदर्शनात, कर्जवाल्याच्या टेबलावर निघाले. त्या माणसाने सहज विचारले, घर कोणाच्या नावावर आहे? अम्मी म्हणाली, "मेरे." आणि उठली. भाईजानने तिला थांबवले नाही. परतीच्या गाडीत तिघेही जवळजवळ काहीच बोललो नाही. कुर्डुवाडीला भाईजानने चहा आणला, अम्मीने दोन कप प्यायला.

पुढचा महिना मी वहीतल्या रकान्यांशी भांडत बसले. कॅराव्हॅनमधले आम्हाला खरे किती हवे होते? टीव्ही नको, ओटा नको. दहा माणसांच्या कुटुंबाला चार पलंगांचाही उपयोग नाही. हवी होती ती फक्त बायकांना दार लावून बसता येईल अशी चार फूट जागा. पण घरगुती गॅरेजात गाडी कापून पलंग-संडास ठोकला की ती कॅराव्हॅन होत नाही. त्यासाठी एआयएस-124 हे मानक आहे, आणि नोंदणीच्या कागदात नाही असा फेरफार कायद्याला चालत नाही.

भाईजानने शेवटी जुनी, एकहाती वापरलेली ट्रॅव्हलर घेतली. कर्ज गाडीच्याच तारणावर, जामीन माझा, घराचा कागद अम्मीच्या पेटीत. मागच्या सीटपाशी जाड पडदा टांगला आहे आणि तिथे आजारी माणसांसाठी मिळते तशी झाकणाची, घट्ट बसणारी कमोडची खुर्ची ठेवली आहे. गाडी थांबवूनच वापरायची. गाडीचे काही कापले नाही, ठोकले नाही. आतली बादली भाभी आणि मी धुणार असे ठरले होते. भाईजान म्हणाले, माझी गाडी आहे, मी धुईन.

पहिली फेरी गुलबर्ग्याची ठरली. आदल्या रात्री दोन्ही खाला मुक्कामाला आल्या. भाभीने नेहमीप्रमाणे विचारले की सकाळी चहा करू की नको. मोठ्या खालाने पडद्याबद्दल बरेच खोदून विचारले, खुर्ची हलते का, झाकण बसते का, आवाज बाहेर येतो का. मग म्हणाली, कर, आणि थर्मासमध्येही भर.