देठासकट

पेपरात फुलांचे बाजारभाव येतात त्या कोपऱ्यात ॲस्टर दोनदा भेटतो. एकदा 'जुडी' म्हणून, एकदा 'सुट्टा' म्हणून. गुलछडीचंही तेच, नुसती गुलछडी वेगळी आणि 'गुलछडी काडी' वेगळी. गुलटेकडीच्या मार्केट यार्डात याचा अर्थ सरळ आहे, की फूल देठासकट आलंय की बिनदेठाचं. आमच्या घरात मात्र या दोन शब्दांवरून पंधरा-सोळा वर्षं भांडण चाललं. सुट्ट्याच्या बाजूला आजी, जुडीच्या बाजूला आण्णा, माझे वडील. मी मधे, एका हातात परडी आणि दुसऱ्यात कात्री घेऊन.

आजी चाकणच्या पुढची, भामा नदीच्या अंगाची. चाकणचा कांदा नावाजलेला, त्यामुळे शेतातली चांगली जागा कांद्याला आणि फुलांना उरलीसुरली, विहिरीच्या पाटालगतची. तिथे तिचे ॲस्टरचे वाफे, बांधाला झेंडू आणि कुणी न लावता दरसाल उगवणारा गलांडा. फूल म्हणजे देवाचं, आणि देवाला लागतं तेवढंच खुडायचं. दोन बोटांत धरून, नखानं, मानेपाशी. दिवस बुडाल्यावर झाडाला हात लावायचा नाही, झाड झोपलेलं असतं. देठ घेणं तिला उधळपट्टी वाटे. पुढं आमच्याकडे पिंपरीला राहायला आली आणि फुलदाणी बघून म्हणाली, "आरं, देवाच्या डोक्यावर काय लाकडं ठेवायची का?"

फुलदाणी देवासाठी नव्हतीच, हे तिला पटवणं अवघड होतं. माणसाच्या टेबलावर, माणसाला बघायला म्हणून फूल ठेवायचं, ही आण्णांनी कारखान्यातून घरी आणलेली गोष्ट.

आण्णा हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये होते. 1954 साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीनं पिंपरीच्या माळावर उभा राहिलेला हा सरकारी कारखाना. तिथे पेनिसिलिन होई. मोठमोठ्या टाक्यांत बुरशी वाढवायची आणि तिनं सोडलेलं औषध वेगळं काढायचं. आण्णा त्या टाक्यांवर. म्हणजे तेही शेतकरीच, फक्त पीक बुरशीचं. वासावर, तपमानावर लक्ष, तासातासाला नोंद. एवढ्या मोठ्या टाकीत बाहेरचा एक जंतू शिरला तर अख्खी बॅच ओतून द्यावी लागते, असं ते सांगत. घरी आल्यावरही ही नजर सुटत नसे.

कारखान्याच्या कॉलनीतल्या आमच्या क्वार्टरच्या मागं दहा बाय पंधरा फुटांची जागा होती. तिथं माती म्हणण्यासारखं काही नव्हतंच, सगळा मुरूम. आण्णांनी दोन वर्षं त्यात शेणखत, पालापाचोळा आणि आजीच्या शेतावरून गोणीनं आणलेली काळी माती घातली. शेजारी हसले, तर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं, "तिकडं टेल्कोत मुळगावकर अख्ख्या माळाचं रान करतायत, मी एक वाफा करतोय." टेल्कोच्या सुमंत मुळगावकरांनी त्या कारखान्याच्या आवारात झाडं लावून घेतली, तळं करून घेतलं, याचं त्या काळी साऱ्या पिंपरीत कौतुक होतं.

वाफ्यात हंगामी फुलझाडं. पावसाळ्यात झिनिया, कॉसमॉस, झेंडू, कोंबडा. थंडीत ॲस्टर, फ्लॉक्स, डायंथस. बी जपून ठेवायला पेनिसिलिनच्या रिकाम्या कुप्या. कॉलनीत आजारी माणसं होती, इंजेक्शनं होत होती, कुप्यांना तोटा नव्हता. रबरी बूच, आत पाऊण चमचा बी आणि चिकटपट्टीवर आण्णांचं अक्षर, 'झि/70/2'. म्हणजे झिनिया, 1970, दुसरी बॅच. एका जुन्या रजिस्टरात प्रत्येक बॅचची पेरणी, उगवण, पहिलं फूल. फुलाच्या रकान्यात रंग लिहून पुढं कंसात देठाची लांबी, इंचांत. जगात आणखी कुणी झिनियाच्या देठाची लांबी वहीत मांडून ठेवली असेल असं मला वाटत नाही.

1970 सालीच पिंपरी-चिंचवडची नगरपालिका झाली. मी दहा वर्षांची होते, म्हणजे हे गाव कागदावर माझ्याहून दहा वर्षांनी लहान. त्याच पावसाळ्यात आण्णांनी मला कात्री दिली. सकाळचे साडेसहा. ऊन यायच्या आत कापायचं, कारण रात्रभर झाड पाणी पिऊन टच्च असतं. "घाल कात्री." मी वरून चार बोटांवर घातली. आण्णा म्हणाले, "खाली. आणखी खाली." खालच्या पेरापर्यंत हात गेला तेव्हा रडू यायचं बाकी होतं. त्या फांदीवर आणखी दोन कळ्या होत्या, त्याही जाणार होत्या. "जाऊ दे. पेराच्या वर काप. तिथनं दोन फुटतील."

तीन आठवड्यांत खरंच दोन फुटल्या. त्या कापल्या, चार झाल्या. बी धरलं की झिनियाला आपलं काम उरकल्यासारखं वाटतं आणि ते फुलायचं थांबतं. बी धरू दिलं नाही तर पुनःपुन्हा प्रयत्न करत राहतं. म्हणजे आजी मानेपाशी खुडत होती तेव्हाही फुलं वाढतच होती, पण आखूड देठांची, झाडाच्या डोक्यावर दाटलेली. मुळाच्या दिशेनं काप घेतला की उंच, सरळ, एकएकटी येतात. ॲस्टरचं असं नाही. त्याच्या फांदीला एकदाच फुलायचं असतं, कापलं की हिशेब मिटला. म्हणून त्याची रोपं एकदम न लावता पंधरा-पंधरा दिवसांनी लावायची. हे मात्र आण्णांना आजीनं शिकवलं. आणखी एक शिकवलं, ॲस्टरच्या जागी लगेच ॲस्टर नको. आण्णांनी एकदा ऐकलं नाही, तर फुलावर आलेली रोपं भर थंडीत एकेक करून माना टाकून मेली. मर रोग, मातीत राहणारा. टाक्यांतल्या बाहेरच्या जंतूला ओळखणाऱ्या माणसाला वाफ्यातला दिसला नाही, यावर आजी किती दिवस हसत होती.

फुलदाणीत मात्र आण्णांना कुणी हरवू शकत नसे. झिनिया काढायचा की नाही याची त्यांची परीक्षा होती. फुलाच्या वीतभर खाली देठ धरून हलकेच हलवायचा. मान लटलटली तर अजून दोन दिवस थांब, ताठ राहिली तर काप. पाण्यात बुडतील तेवढी पानं ओरबाडायची. फुलदाणी उकळत्या पाण्यानं धुवायची. झिनियाचा देठ केसाळ, पाणी लवकर नासवतो, म्हणून पाणी रोज बदलायचं आणि देठ रोज बोटभर तिरका छाटायचा. पाण्यातले जंतू देठाच्या नळ्या बुजवतात आणि मग फूल पाण्यात उभं राहून तहानेनं मरतं. हे सांगताना त्यांचा आवाज कारखान्यातला होई. चिमूटभर साखर आणि लिंबाचे चार थेंब ही त्यांची भर. कॉलनीत वदंता होती की आण्णांची फुलं टिकतात कारण ते पाण्यात पेनिसिलिन टाकतात. ते खरंच चिडायचे. "औषध माणसांचं आहे!"

आजी शेवटच्या आजारात पुढच्या खोलीत असायची. तिच्या उशाशी आण्णा एका कुपीत एक फूल ठेवत, देठासकट. ती काही बोलत नसे. एकदा मात्र मला म्हणाली, "हे कालचंच हाय न्हवं?" ते पाच दिवसांचं होतं. मी सांगितलं. तिनं बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "मग देवाच्या फुलांनाबी पाण्यात ठेवा की."

लग्न होऊन मी निगडीला प्राधिकरणात आले, 1983 साली. आमच्या यांचं भोसरीला छोटं वर्कशॉप, तीन लेथ, एक मिलिंग. इथं फुलांचा हिशेब पुन्हा सुट्ट्याकडे वळला, कारण खंडेनवमी. ज्यांनी भोसरी-चिंचवडच्या गाळ्यांत ती पाहिली नसेल त्यांना सांगून कळणार नाही. आदल्या रात्री यंत्रं डिझेलनं पुसून लख्ख, जमिनीवरचा कीस उचललेला, चकला हळदकुंकू, हेडस्टॉकवर झेंडूचा हार. एरवी तेलानं बरबटलेले कामगार पांढऱ्या शर्टात. आमच्या गच्चीवरच्या पिंपांतला झेंडू बरोबर तीन लेथना पुरे, मिलिंगला विकत आणावा लागे. आणि झेंडूच्या हाराला देठ नको म्हणजे नकोच. सुई ओवताना दर वर्षी मला आजी आठवे. मानेपाशी, नखानं. गंमत बघा, झेंडू, झिनिया, कॉसमॉस, गलांडा, सगळे अमेरिकेकडचे, बहुतेक मेक्सिकोचे. कोलंबसाच्या आधी आपल्याकडे दसरा होता पण हा झेंडू नव्हता. ॲस्टर तेवढा चीनचा. आजीच्या बांधावर सगळे जन्मापासून राहत असल्यासारखे नांदत होते.

आण्णा निवृत्त झाले तेव्हा शाल, श्रीफळ आणि गुच्छ मिळाला. घरी आल्यावर त्यांनी शाल खुर्चीवर टाकली, नारळ आईकडे दिला आणि गुच्छ घेऊन मोरीत बसले. चंदेरी कागद सोडला, दोरा सोडला, तारा सोडवल्या. आत ॲस्टर, गुलछडीच्या काड्या आणि शतावरीचा पाला. "बघ, देठ चेचलेत," ते म्हणाले, आणि एकेक छाटत बसले. भाषणात काय काय बोलले हे विचारायचं आईनं सोडून दिलं. नंतर जरबेऱ्याचे दिवस आले. तळेगावाकडे मावळात पॉलिहाउसं झाली, तिथले गुलाब व्हॅलेंटाइनला परदेशी जायला लागले, आणि आमच्याकडच्या प्रत्येक सत्काराला सेलोफेनमधला एकच एक गुच्छ. मला तो आवडत नाही. त्यातल्या फुलांना माती कधी लागलीच नाही असं वाटतं. हा माझा आकस आहे, मान्य.

आकस असायला मी काही फार पुण्यवान नाही. प्राधिकरणात मी पिवळा कॉसमॉस लावायचे. बी कितीही येई. पुडी मागायला आलेल्या प्रत्येकीला दिली, उरलेलं दुर्गादेवीच्या टेकडीकडे फिरायला जाताना वाटेवर टाकलं, तेवढीच शोभा म्हणून. आता पाऊस ओसरताना पुण्याच्या भोवतीच्या टेकड्या आणि महामार्गाच्या कडा त्याच केशरी-पिवळ्या रंगानं भरून जातात. लोक गाड्या थांबवून फोटो काढतात. जिथे तेरडा आणि सोनकी असायची तिथे आता कॉसमॉस. तो माझ्या पुड्यांनीच झाला असं कोण म्हणेल? पण मला तो दिसला की मी दुसरीकडे बघते.

पाच-सहा वर्षांपूर्वी माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी कागदावर डोळा काढून दाखवला. भिंग चहूबाजूंनी बारीक तंतूंवर टांगलेलं असतं, त्यांना झिनचे तंतू म्हणतात. मी म्हटलं, "झिन? झिनियातला?" डॉक्टरांना झिनिया माहीत नव्हता. नंतर नातीनं शोधून दिलं. योहान गॉटफ्रीट झिन, जर्मन शरीरशास्त्रज्ञ, 1755 साली डोळ्याच्या रचनेवर पुस्तक लिहिलं, वयाची बत्तीस वर्षंही पुरी केली नाहीत. लिनियसनं त्याच्या नावानं फुलाला झिनिया म्हटलं. पट्टी निघाली त्या दिवशी मी आधी बाल्कनीत गेले. तीन-चार वर्षं मी तक्रार करत होते की हल्लीच्या ॲस्टरचा जांभळा पूर्वीसारखा राहिला नाही, मळकट येतो, बियाणंच बिघडलं. जांभळा होता तिथेच होता. माझंच भिंग पिवळं पडलं होतं. राहुरीच्या कृषी विद्यापीठानं काढलेला 'फुले गणेश पर्पल' होता तो, आणि बिचाऱ्याला मी काय काय बोलले होते.

आता आम्ही मुलाकडे, चाकणच्या अलीकडे, सातव्या मजल्यावर. उत्तरेकडे शेडांची निळी पत्र्याची छपरं, रात्रभर कंटेनरचे दिवे. आजीची विहीर त्यातल्या कुठल्या छपराखाली आली हे काकांच्या मुलांनाही नक्की सांगता येत नाही. बाल्कनीत आठ कुंड्या. इथला वारा झिनियाला मोडतो म्हणून काठ्या, आणि पाऊस लांबला की पानांवर भुरी. देठ दहा इंचांपुढे जात नाहीत. आण्णांच्या रजिस्टरात मी ते लिहिते.

समोरच्या फ्लॅटमध्ये गाड्यांच्या कारखान्यात कामाला असलेला एक मुलगा आणि त्याची बायको आहेत, बिहारकडचे. ती सकाळी दार वाजवते, "आंटी, पूजा के लिए दो फूल." मी कात्रीनं कापून देते, लांब. पहिल्या दिवशी तिनं माझ्यादेखत देठ मोडून कचऱ्यात टाकले आणि मी आतल्या आत आण्णा झाले. काही बोलले नाही. गेल्या महिन्यात दूध ठेवायला तिच्या ओट्याशी गेले, तर काचेच्या लोणच्याच्या बरणीत काल दिलेल्यातलं एक लाल झिनिया उभं होतं. पाणी गढूळ झालं होतं. मी बरणी उचलली, बेसिनमध्ये ओतली आणि तिच्याकडे कात्री मागितली. कात्री नव्हती. सुरीनं भागवलं.